गावचं घर : वाचक विचारतात

लहानपणीचं गाव आठवून लिहिलेली पत्रं या सदराकडे पुष्कळ येतात. त्यांतली ‘तेव्हा असं होतं, मग आता का नाही?’ असं विचारणारी सहा पत्रं इथे घेतली आहेत. पाणी आणि छप्पर यांवरची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चुकलेला निर्णय सहसा फिरवता येत नाही.

प्रश्न : दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं नारळी-पोफळीचं आगर आहे. लहानपणी तिथल्याच विहिरीचं पाणी प्यायचो, रहाटाने शिंपणं चालायचं. आता एप्रिल उजाडला की पाणी मचूळ लागतं आणि पोफळीची पानं टोकाकडून करपतात. विहीर आणखी दहा फूट खणावी का? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर : खणू नका, आणि तळात आडवी-उभी बोअरही मारू नका.

पुळणीच्या (वाळूच्या) जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅम जड. त्यावरून हिशेब असा बसतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फूट गोडं पाणी राहतं. हाच हिशेब उलटा केला की धोका दिसतो. पातळी कायमची १ फूट उतरली तर खालचं खारं पाणी ४० फूट वर सरकायला वाट मोकळी होते. हे एका रात्रीत होत नाही, आणि मध्ये जांभा किंवा चिकणमातीचा थर असला तर आकडा बदलतो. दिशा मात्र तीच. त्यात पंपाच्या बरोबर खाली खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. तुम्ही दहा फूट खणाल म्हणजे त्याच्याच भेटीला जाल.

रहाट विहिरीला सोसायचा तो याच कारणाने. त्याचे मातीचे लोटे थोडं थोडं पाणी वर आणत, तेही पृष्ठभागाजवळचं, आणि बैल दमला की विहिरीलाही विसावा मिळे. उथळ विहिरीवरचा दोन अश्वशक्तीचा पंप तासाला वीस हजार लिटरच्या आसपास पाणी उपसतो, आणि त्याचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) बहुतेक ठिकाणी तळाला टेकवलेला असतो, म्हणजे जिथे खारं पाणी आधी पोचतं नेमका तिथे.

आधी मोजा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; ते मोजणारं मीटर काही शे रुपयांत मिळतं. मे महिन्यात पहाटे, पंप लावण्याआधी, एक नमुना वरचा घ्या आणि एक तळाचा. तळाच्या नमुन्यासाठी वजन बांधलेली बाटली बूच लावून सोडायची आणि तळाशी गेल्यावर बुचाची वेगळी दोरी ओढायची. मग तासभर पंप चालवून तिसरा नमुना घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १०००. क्लोराइडची तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्या. वरचं पाणी गोड आणि तळाचं खारं निघालं, तर विहीर वाचवता येते. दोन्ही सारखीच खारी निघाली, तर आधी खाडीकडे बघा. खारबंधाऱ्याला (भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) भगदाड पडलं असेल किंवा उघाडीच्या (त्यातल्या दाराच्या) फळ्या कुजून भरतीचं पाणी शेतात शिरत असेल, तर विहिरीत काहीही केलं तरी उपयोग नाही. शेजारच्या पर्यटक-निवासाची खोल बोअर दिवसभर चालत असेल, तर तेही कारण असू शकतं, आणि मग बोलणं शेजाऱ्याशीच करावं लागेल.

वाचवायची ती अशी. फूटव्हॉल्व्ह तळावरून उचला आणि मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीखाली तीनेक फुटांवर टांगा. पंपाने हवा ओढायला सुरुवात केली की समजायचं, आजचा वाटा संपला. मोठा पंप काढून अर्ध्या-एक अश्वशक्तीचा बसवा. पाणी थेट पाटात न सोडता टाकीत भरा आणि पंप एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच चालवा. दोन फेऱ्यांत तीन-चार तास जाऊ द्या. टाकीखालून ठिबक घ्या. आळ्यात नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) खोलगट बाजू वर करून पुरली आणि वर झावळ्या पसरल्या की पाण्याच्या पाळ्या कमी लागतात. नारळ थोडा खारटपणा सोसतो, पोफळ सोसत नाही. म्हणून गोडं पाणी कमी असेल त्या दिवशी ते पोफळीला द्या.

छपराचं पाणी विहिरीत सोडण्याचा सल्ला सगळे देतात. कोकणात त्याचा फायदा वाटतो तेवढा नाही. जुलैत विहीर काठोकाठ भरलेलीच असते, तेव्हा सोडलेलं पाणी समुद्राकडेच निघून जातं. खरी गरज पाऊस ओसरताना असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात वरच्या अंगाच्या वहाळावर (ओढ्यावर) मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा घाला. तिथे अडलेलं पाणी जमिनीतून सावकाश तुमच्याकडे येत राहतं आणि गोड्या पाण्याचा भार टिकतो. एकट्याच्या आगराने हे काम होत नाही, वाडीने मिळून करावं लागतं.

प्रश्न : राजापूरकडचं आमचं घर मंगलोरी कौलांचं आहे. दर मे महिन्यात शाकारणी (कौलं काढून पुन्हा नीट लावणं) व्हायची. आता माणूस मिळत नाही आणि माकडं कौलं फोडतात. पुतण्या पत्रे घालू म्हणतो. काय करावं? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : कौलं की पत्रा हे कौलं बघून ठरवू नका, वासे बघून ठरवा. एक मोठा पेचकस घ्या आणि तीन ठिकाणी टोचा : वासा भिंतीवर टेकतो तिथे, आढ्याला (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला) मिळतो तिथे, आणि दोन उतार एकत्र येऊन पन्हळ होते तिच्या खाली. टोक पाव इंचाहून आत सहज गेलं तर तो वासा गेला. दहातले दोन-तीन गेले असतील तर तेवढे बदला आणि कौलं ठेवा. निम्म्याहून जास्त गेले असतील तर नवा सांगाडा लागणारच, आणि मग दोन्ही पर्याय मोकळे आहेत.

वजनाचा हिशेब हाताशी असू द्या. शंभर चौरस फूट उताराला साधारण १४० ते १५० मंगलोरी कौलं लागतात. अडीच किलोचं एक धरलं तर साडेतीनशे किलोच्या वर, आणि भिजल्यावर आणखी. तेवढ्याच जागेचा पत्रा जेमतेम चाळीस-पन्नास किलो. म्हणजे पत्र्याला लाकूड कमी लागतं, पण वाऱ्याला तो हलका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागांत पत्रे आणि कौलं दोन्ही उडवली. फरक असा की कौलं उडाली तर सुटी सुटी उडतात आणि सांगाडा बऱ्याचदा उरतो. भिंतीला न जखडलेलं पत्र्याचं छप्पर अँगलसकट उचललं जातं. पत्रा घालायचाच असेल तर जस्त-ॲल्युमिनियम लेपाचा घ्या, कारण खाऱ्या हवेत साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्क्रूच्या भोकांपासून गंजत जातो. कडेच्या ओळींत स्क्रू जवळजवळ मारा आणि सांगाडा भिंतीतल्या सळ्यांना जखडा.

कौलं ठेवायची असतील तर या चुका टाळा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या छापांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. खाचांत सुताएवढा फरक असला तरी जुलैच्या वाऱ्यात पाणी आत येतं. म्हणून पाडलेल्या घरांची जुनी कौलं घेताना पाठीवरचा छाप बघा आणि एका उतारावर एकच छाप वापरा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द वाजलं तर आत केसासारखी भेग आहे. छपरावर चढताना पाय कौलाच्या मधोमध देऊ नका. खालच्या कडेजवळ, जिथे खाली रीप (कौलं टेकायची आडवी पट्टी) असते तिथे द्या, किंवा फळी टाका. शाकारणीत फुटणाऱ्या कौलांतली बरीचशी कारागिराच्या पायांनीच फुटतात. शेवाळ काथ्याच्या ब्रशने कोरडं असताना खरवडा. पाण्याच्या दाबाचं यंत्र लावलं की कौलाची भाजलेली कातडी जाते आणि ते पाणी पिऊ लागतं.

माकडांसाठी दर तिसरी-चौथी ओळ आणि उताराच्या कडेच्या दोन्ही ओळी तांब्याच्या किंवा जाड लेपाच्या तारेने रिपेला बांधतात. हल्ली खाली पत्रा आणि वर कौलं अशीही पद्धत आली आहे. ती चांगली आहे, पण पत्र्यावर थेट आडव्या रिपा ठोकल्या तर रिपेमागे पाणी आणि पाचोळा अडतो आणि चार-पाच पावसाळ्यांत लाकूड कुजतं. आधी उताराच्या दिशेने पाऊण इंचाच्या उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा, मग कौलं. नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावणं अजूनही वाळवीवर चांगला उपाय आहे. ते कातडी भाजतं, हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

सगळं २५ मेपर्यंत उरका. वळवाच्या सरीत उघडं छप्पर सापडलं तर मातीच्या भिंती पहिल्याच दिवशी फुगतात.

प्रश्न : आजोळी कुडाळजवळ खळं (सारवलेलं अंगण) आरशासारखं गुळगुळीत असायचं. तसं करून बघितलं तर आठ दिवसांत तडे गेले. चुकलं काय? (मुंबईहून एक वाचक)

उत्तर : तडे सारवणाला जात नाहीत, खालच्या जमिनीला जातात. तुम्ही बहुधा न चोपलेल्या मातीवर शेण फिरवलं.

काम दसऱ्यानंतर, जमिनीत ओल असतानाच करायचं. गवत मुळासकट काढा, चार ते सहा इंच माती उकरा, ढेकळं फोडा, दगड वेचा. दर काही हातांवर उतार बघून घ्या, पाणी साचेल अशी वाटी राहता कामा नये. माती नुसती चिकण असेल तर तडे ठरलेले, म्हणून तीन घमेली मातीला एक घमेलं बारीक जांभ्याची भुकटी किंवा रेती मिसळा. वारुळाची माती मिळाली तर वरच्या थराला तीच सर्वांत चांगली. पाणी मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, तेव्हा धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोका. मग चोपण्याने (लाकडी थापीने) दोन-तीन दिवस, रोज संध्याकाळी थोडं पाणी शिंपडून, टाच मारली तरी खूण उठणार नाही इतकं चोपा. याच टप्प्यावर सगळे कंटाळतात, आणि याच टप्प्यावर खळं बनतं. उन्हात भरभर सुकू देऊ नका, दुपारी झावळ्यांनी झाका.

सारवणासाठी ताजं शेण, चाळलेली माती आणि ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. पहिले तीन दिवस रोज, मग आठ-पंधरा दिवसांनी. थर पातळ हवा, जाड थर पापुद्र्यासारखा उचलला जातो. पेंढा आणि गवत खाणाऱ्या गाईच्या शेणात तंतू असतात, ते मातीला बांधतात. पेंडीवरच्या जनावराचं शेण सैल असतं, त्यात थोडा बारीक चिरलेला पेंढा घाला. काळ्या रंगासाठी काही घरांत टॉर्चच्या जुन्या सेलची पूड वापरत. ती मुळीच नको. त्यात मँगनीज आणि जस्ताचे क्षार असतात आणि त्याच खळ्यात मुलं रांगतात, धान्य वाळतं. कोळशाची वस्त्रगाळ पूड घ्या. हाताला जखम असेल तर शेणात हात घालू नका, धनुर्वाताचा धोका खरा आहे.

पेव्हर ब्लॉकला हे काहीच लागत नाही, हे खरं. पण एप्रिलच्या दुपारी पेव्हरवर अनवाणी उभं राहता येत नाही आणि खळ्यावर बसून काजू सोलता येतात.

प्रश्न : मुंबईहून बोटीने विजयदुर्गला जाणं आणि उतरताना मारलेली एक उडी अंधुक आठवते. बोट बंदराला लागायची की नाही, आणि बंद का झाली? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : बहुतेक ठिकाणी लागत नसे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी ही वाट होती. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून (लहान होडीतून) माणसं, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या किनाऱ्यावर जायच्या. तुम्हाला आठवणारी उडी बहुधा पडावातली. पावसाळ्यात सेवा बंद असे. शेवटच्या काळात मोगल लाइन या जहाज कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी धावत.

बंद पडायला एकच कारण नव्हतं. खाड्या गाळाने उथळ झाल्या, त्यांवर पूल आले, एसटी वाडीच्या तोंडाशी पोचली. दाभोळहून वाशिष्ठीतून गोवळकोटला जाणाऱ्या लाँचीही त्याच ओघात गेल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तोवर गावची वाट समुद्राकडून डोंगराकडे वळली होती. म्हणूनच बंदराकडच्या जुन्या पेठा ओस दिसतात आणि महामार्गावरचे तिठे गजबजलेले. पाण्यावरून जायची हौस असेल तर वाहनासकट नेणाऱ्या फेरीबोटी आहेत : दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या चार जोडून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुडहून जयगडपर्यंत जाता येतं.

प्रश्न : सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असं लिहिलंय. घर दुरुस्त करायचं तर आधी काय? (बदलापूरहून एक वाचक)

उत्तर : ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या काळी थोरल्याचं नाव कुटुंबाच्या वतीने लागे. जमीन त्याच्या एकट्याची झाली असा त्याचा अर्थ नाही. त्यामुळे फक्त आजोबांचेच वारस नव्हे, त्यांच्या भावांचेही वारस यात येतात. आधी जुने फेरफार (सातबारावरच्या बदलांच्या नोंदी) काढा आणि त्यांवरून वंशावळ कागदावर मांडा, मयतांच्या तारखांसकट. मग मृत्यूदाखले, वंशावळीचं शपथपत्र आणि अर्ज तलाठी कार्यालयात द्या. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत गेल्यावर हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

नेहमी अडतं ते आत्या-बहिणींची नावं गाळल्यामुळे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. एखादीला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं, साध्या कागदावरची सही चालत नाही. आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. दुरुस्ती निव्वळ छपराची असली तरी सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि खर्चाची नोंद ठेवा. पुढे वाटपाच्या वेळी हाच कागद कामी येतो.

प्रश्न : घरामागे एक रायवळ आंबा आहे, रसाला त्याच्यासारखा दुसरा नाही. झाड पोखरलंय, दोनेक वर्षांत पडेल. कोय लावली तर तोच आंबा येईल का? (गुहागर तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : नाही येणार. आपल्याकडच्या रायवळाची कोय बहुतेक वेळा परागातून तयार झालेली असते, तिच्यातून नवंच झाड येतं. कलमच करावं लागेल. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये कोयकलम चांगलं साधतं.

कुठल्याही रायवळाच्या ताज्या कोयी, खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत, पिशव्यांत लावा. जास्त दिवस ठेवल्या तर उगवत नाहीत. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस आणि खोड लुसलुशीत असतं, तेव्हाच ते कलमाला घ्यायचं. तुमच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी, डोळा फुगलेली काडी निवडा. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे डोळा भरतो. म्हातारं झाड अशी कोवळी काडी देत नसेल, तर आदल्या ऑक्टोबरात एक-दोन फांद्या छाटून खत-पाणी द्या आणि येणाऱ्या फुटीतून काडी घ्या.

रोप कोयीपासून तीनेक इंचांवर आडवं छाटा, मधोमध दीड-दोन इंचांची चीर द्या. काडीला तेवढीच पाचर काढा आणि बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. दीड सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिक पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा. पाऊस थेट पडणार नाही अशा सावलीत ठेवा, कारण सांध्यात पाणी शिरलं की काडी काळी पडते. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. सांध्याखालून आलेला प्रत्येक फुटवा खुडा. तो राहिला तर वरची काडी मरते आणि तुम्ही पाच वर्षं भलतंच झाड वाढवता. एकाच वेळी निदान वीस कलमं करा, नवख्या हाताची निम्मी जातात. झाड दोन वर्षं तग धरेल या भरवशावर थांबू नका, यंदाच्याच पावसात बांधा.